“मला दिसतंय की”

नमस्कार आशाताई,

गेल्या श्रावणात तुम्ही तिशीपुढच्यांच्या तब्येतीचा फॉर्म भरायला आमच्या बार्शी तालुक्यातल्या घरी आलात. बीपी, शुगर, तंबाखू झालं आणि मग विचारलंत, “आजी, धुरकट दिसतं का?” आई म्हणाली, “मला दिसतंय की.” आम्हीही माना डोलावल्या.

तुम्ही मात्र तिला ओट्यावर नेलंत, उजवा डोळा तळहातानं झाकायला लावलात आणि वीस फुटांवरून बोटं दाखवलीत. आई गप्प. मग म्हणाली, “बोटं कुठायत?” इतके दिवस उजवा डोळा डाव्याची लाज राखत होता.

त्याआधीची दोन वर्षं आठवली की ओशाळायला होतं. गल्लीत कुरबूर होती, म्हातारी आता ओळख देत नाही. गोळ्यांची पाकिटं ती चाचपून ओळखायची. एकदा सकाळची गोळी रात्री घेतली, तर मीच तिच्यावर डाफरलो. भजनाला जाणं तिनं गुडघ्यांवर ढकलून बंद केलं. तांदूळ निवडणं सुनेकडे गेलं. चाळिशी तिला कधी लावलीच नव्हती. वाचता येत नाही, मग चष्मा कशाला, असं आमचं शहाणपण! सुई ओवणं, खडे वेचणं हीही जवळच्या नजरेचीच कामं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

‘अक्षरं येत नाहीत, हसं होईल’ म्हणून ती ग्रामीण रुग्णालयात यायला तयार नव्हती. तुम्ही सोबत आलात. तिथल्या तक्त्यावर तीन दात्यांचं एकच चिन्ह, चारी दिशांना वळलेलं. “हे तर दाताळं!” म्हणाली आणि दाते जिकडे, तिकडे हात करत सुटली. तिसऱ्या ओळीला अडली. तपासणाऱ्या सरांनी बारीक भोकाची काळी चकती धरली, तशी उजव्या डोळ्यानं आणखी दोन ओळी उतरली. भोकातून सुधारतं म्हणजे दोष नंबरचा, चष्म्यानं जाणारा, असं सर म्हणाले. डाव्याला चकतीनंही फरक पडला नाही. तिथं पिकलेला मोतीबिंदू होता.

ऑपरेशन, लेन्स, सगळं मोफत झालं. अंधत्व नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम १९७६ पासून आहे म्हणे. आमच्या उंबऱ्यापर्यंत तो तुमच्या पायांनी आला.

आता तांदळाचं ताट आईनं परत घेतलंय, आणि सुनेनं निवडलेले पुन्हा निवडते. त्यावरून घरात रोज खटका. तो तुमच्या खात्यावर.

येत्या सोमवारी थोरल्या तात्यांना घेऊन येतोय. त्यांचं म्हणणं, “मला दिसतंय की.”

तुमचा,
वेशीजवळच्या घरातला थोरला