रंगाने जरा डावी

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दत्तक गेलेली सावळी मुलं आणि दोन वर्षांनी बंद होणारी फाईल

महोदया,
सप्रेम नमस्कार.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या फोनवर मेसेज आला. दत्तकासाठी नाव नोंदवलेल्या सरकारी पोर्टलवर एका बाळाचा फोटो, तिची माहिती, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि ते बाळ आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास. अडीच वर्षं वाट पाहिलेल्यांना ४८ तास कशाला लागतात? चहा निवायच्या आत आम्ही होकार कळवला.

बाळ जिथे होतं त्या संस्थेत गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवलं. आतून एक जोडपं बाहेर आलं. त्यातल्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "फोटोत एवढी वाटली नव्हती गं." एवढी म्हणजे काय, ते त्या बोलल्या नाहीत. पलीकडून कुणी विचारलंही नसावं.

थोड्या वेळाने तिथल्या मावशींनी आमची आठ महिन्यांची लेक माझ्या मांडीवर ठेवली आणि न विचारता म्हणाल्या, "रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे बघा." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या परीने त्या बाळाचं वकीलपत्र घेऊन उभ्या होत्या. हे वाक्य त्यांना रोजच म्हणावं लागत असणार.

महोदया, त्याआधी आमच्या घरी सोशल वर्कर येऊन गेल्या होत्या. गृहअध्ययन अहवालासाठी त्यांनी पगार विचारला, आजारपणं विचारली, सासूबाईंना दत्तक मान्य आहे का ते विचारलं, बाळाला कुठे निजवणार तेही पाहिलं. रंगाबद्दल एक अक्षर निघालं नाही. अर्जात मुलगा की मुलगी, वय किती, कोणत्या राज्यातलं हे सांगता येतं. रंगाचा रकाना नाही, आणि तो नसावाच. तसा रकाना उघडला तर काय भरलं जाईल, हे वधूवर सूचक मंडळाचा कुठलाही जुना फॉर्म सांगेल. पण रकाना नाही म्हणून प्रश्नही नाही, असं आपण धरून चाललो आहोत. तो प्रश्न फोटोत असतो. संस्थेच्या दारात असतो. बाळ घरी आल्यावर बारशाला आलेल्या प्रत्येक बाईच्या ओठांवर असतो : "कुणावर गेली हो?"

पोटच्या सावळ्या मुलीलाही हे ऐकावं लागतं, मला ठाऊक आहे. बाळंतिणीला केशराचं दूध कशासाठी देतात, ते आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण तिच्यासाठी घरात एखादी काळी आत्या, एखादे सावळे आजोबा सापडतात आणि विषय हसण्यावारी जातो. दत्तक मुलीकडे असं बोट दाखवायला कुणी नसतं. आमच्या घरात सगळे गोरेघारे. त्यामुळे तिचा रंग हीच तिची जाहीर नोटीस होते. आणि स्पष्टच लिहिते, या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा प्रश्न असतो. तोंडावर जात विचारता येत नाही, म्हणून माणसं रंग विचारतात. "आपल्यातली वाटत नाही" हे माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला ऐकवलं गेलंय. सांत्वनाला येणारे म्हणतात, अहो विठोबासुद्धा काळाच की! त्याला कुणी दत्तक घ्यायला गेलं नव्हतं, हे मी मनातल्या मनात म्हणते.

आता फाईलबद्दल. नियमाप्रमाणे बाळ घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. आमच्याही चार भेटी झाल्या. वजन, लस, झोप, सगळं उत्तम. २०२० मध्ये पाहणी संपली तेव्हा लेक तीन वर्षांचीही नव्हती. आरशात बघून प्रश्न विचारायचं वय तिथून पुढे सुरू होतं! बालवाडीत चित्र रंगवताना बाईंनी तिच्या हातात फिकट गुलाबी खडू देऊन "हा घे स्किन कलर" म्हटलं. स्नेहसंमेलनात तिला परी व्हायचं होतं, तिला झाड केलं. आणि पाच वर्षांची असताना एका रात्री तिने विचारलं, "आई, मी आधी ज्या पोटात होते ना, तिथे खूप अंधार होता का? म्हणून मी अशी झाले?"

तिला आम्ही दत्तकाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आहे. तिने त्या गोष्टीतून हा अर्थ काढला होता. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेत फोन केला. आमच्या सोशल वर्कर नोकरी सोडून गेल्या होत्या. जे बोलले ते सौजन्याने बोलले, की मॅडम, तुमची फाईल बंद झालेली आहे.

एक तुलना करते, राग मानू नका. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याबद्दल हेग करार आहे, त्याला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. त्या करारातल्या देशातून मूल घेणाऱ्या अमेरिकन पालकांना त्यांच्या सरकारच्या नियमाने किमान १० तासांचं प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. संस्थेत वाढलेल्या मुलाचं मन, त्याला जीव लावताना येणाऱ्या अडचणी, आणि वेगळ्या वंशाचं, वेगळ्या संस्कृतीचं मूल घरात आल्यावर त्या कुटुंबाला पुढे काय काय पेलावं लागतं, हे विषय त्यात असतात. दहा तासांनी कुणी शहाणं होत नाही, आणि तिथेही सावळ्या मुलांचं सगळं सुरळीत चाललंय असं मी म्हणत नाही. पण पुण्यातलं बाळ घेणाऱ्या अमेरिकेतल्या जोडप्याशी या विषयावर कुणीतरी बोलतं, आणि तेच बाळ घेणाऱ्या साताऱ्याच्या जोडप्याशी बोलत नाही. आपण सगळे एकाच रंगाचे, असा बहुधा आपला समज असावा.

केंद्राचे नियम आपल्या हातात नाहीत, हे मी जाणून आहे. पण जिल्हा बाल संरक्षण कक्ष राज्य चालवतं, अंगणवाड्या तर आपल्याच विभागाच्या आहेत. गृहअध्ययनाच्या वेळी सोशल वर्करने पालकांसमोर आणि आजीआजोबांसमोर बसून हा विषय काढावा, एवढी सूचना द्यायला कायदा बदलावा लागत नाही. ज्यांचं मन कचरतं ते तिथेच कळेल. फोटो पाहून किंवा बाळ मांडीवर घेऊन परत देण्यापेक्षा ते बरं. दोन वर्षांनंतरही पालकांना हाक मारता येईल असा एक समुपदेशक प्रत्येक जिल्ह्यात हवा. मूल शाळेत जाताना, वयात येताना, आणि हो, स्थळं बघायची वेळ आल्यावरही. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस या विषयाला द्या. त्या खडूपासूनच सुरुवात करा.

आमची लेक आता तिसरीत आहे. आमच्या जिल्ह्यात दत्तक पालकांची या विषयावर बैठक घ्यायची ठरली, तर माझ्या ओळखीची चारपाच कुटुंबं मी घेऊन येते. हॉल मिळाला नाही तर आमच्या गच्चीवर पन्नास माणसं सहज बसतात.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातली एक आई