वजनकाट्याशेजारी टेपही ठेवा

महोदय,

गणेशोत्सव आला की बेळगावात गल्लोगल्ली मंडळांची आरोग्य शिबिरे लागतात. रक्तदाब, साखर, वजन बघितले की माणूस मोकळा. कमर मात्र सहसा कुणी मोजत नाही. लागते काय, तर शिंप्याची टेप! पुरुषाची कमर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो, मग काट्यावरचा आकडा बरा दिसला तरी.

पोटातली चरबी नुसती साठून बसत नाही. दाह वाढवणारी रसायने ती रक्तात सोडत राहते. त्यातून जास्तीचे ऑक्सिडीकारक रेणू तयार होतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातला नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात. वाहिनी सैल ठेवणारा वायू तो हाच. त्याचे हे काम उलगडणाऱ्यांना १९९८ चे नोबेल मिळाले. तो कमी पडला की वाहिन्या ताठरतात, रक्तदाब चढतो. अनेकांना छातीत कळ येईपर्यंत पत्ताही लागत नाही.

आमच्याकडे सुटलेले पोट म्हणजे ‘खात्यापित्या घरचा’. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायच्या फेऱ्या मारून परतताना कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, घेणारेही आहेत. सणाला खावा, माझी ना नाही. पण यंदा खानापूर, निपाणीपर्यंतच्या मंडळांनी कमरेचा आकडा कार्डावर रक्तदाबाशेजारी लिहून द्यावा.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव