भरती-ओहोटीच्या वेळा किनाऱ्यावर लिहिलेल्या असाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की कऱ्हाड, सांगली, सातारा, पुणे या भागांतील माणसे मोठ्या संख्येने कोकण किनाऱ्याकडे निघतात. त्यांतील बहुतेकांना पोहता येत नाही आणि ज्यांना येते ते विहिरीत किंवा नदीच्या डोहात शिकलेले असतात. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते हे सर्वांनी शाळेत वाचलेले असते. परंतु आज, या किनाऱ्यावर, ते किती वाजता चढणार आहे हे त्यांतील क्वचितच कुणाला ठाऊक असते. म्हणून माझी विनंती अशी, की प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर पाण्याकडे उतरण्याच्या वाटेशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात आणि आपल्या वृत्तपत्रानेही निदान उन्हाळ्याच्या सुटीत शनिवारच्या अंकात त्या छापाव्यात.

ही विनंती सुचण्याचे कारण सांगते. गेल्या मे महिन्यात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण अशा आम्ही दोघीच गुहागरला जाऊन आलो. दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या, संसाराच्या मोठ्या जबाबदाऱ्यांतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे अशा छोट्या सहली आमच्यासारख्या बायकांच्या आवाक्यात आल्या आहेत, आणि हा बदल वरवर दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे असे माझे मत आहे. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण या वाटेने आम्ही दुपारच्या उन्हात गुहागरच्या स्थानकावर उतरलो. एकाच लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेले ते गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या, व्याडेश्वराचे देऊळ आणि घरांच्या मागे सहा-सात किलोमीटर पसरलेली पुळण हे सारे आपल्या वाचकांच्या परिचयाचे असेल, म्हणून त्याचे वर्णन वाढवीत नाही.

समुद्र मी यापूर्वी पाहिला नव्हता असे नाही. मात्र कुटुंबाबरोबरच्या सहलीत घरच्या बाईच्या वाट्याला समुद्र कसा येतो हे एकदा नीट सांगितले पाहिजे. ती वाळूवर चटई अंथरून बसते. तिच्याभोवती चपलांचे जोड, मोबाइल, पाकिटे, कोरडे टॉवेल आणि डब्यांची पिशवी असते. मुले आणि पुरुष पाण्यात जातात आणि ती त्यांना नजरेच्या टप्प्यात ठेवते. फार तर सूर्यास्ताच्या सुमारास साडी किंवा सलवार घोट्यापर्यंत उचलून ती दोन-चार लाटा पायांवर घेते. मैत्रिणीबरोबर गेल्यावर प्रथमच असे घडले, की सामान राहत्या घरी ठेवून आम्ही दोघी रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर गेलो आणि एकमेकींचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलो. लाट आली की दोघी एकदम उडी मारायचो, तोंडात खारट पाणी गेले की खोकत हसायचो. त्या सकाळी मला जे सुख मिळाले ते हक्काचे होते आणि ते प्रत्येक बाईला मिळावे असे मला मनापासून वाटते. पण त्याचबरोबर हेही खरे, की पाण्यात उतरणाऱ्या आम्ही दोघीही पोहणाऱ्या नव्हतो आणि समुद्राविषयी आम्हाला काहीही कळत नव्हते. आम्ही सुखरूप राहिलो याचे श्रेय सर्वस्वी आमच्या घरमालकिणीला आहे.

राहण्या-जेवणाची घरगुती सोय करणाऱ्या या वहिनी आम्ही गेलो तेव्हा अंगणात आमसुले करीत होत्या. रातांबे फोडून बिया-गर एका पातेल्यात आणि साली दुसऱ्या परातीत. उन्हात सुकलेल्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा पसरायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आम्ही सकाळी समुद्रावर किती वाजता जावे असे विचारले, तेव्हा त्यांनी ओटीवरच्या कालनिर्णयाकडे मान वळवून तिथी पाहिली आणि म्हणाल्या, "उद्या तृतीया. तीन त्रिक नऊ, त्याला चारांनी भागा, सव्वादोन झाले. आपल्याकडे मुंबईच्या थोडी आधीच भरती होते, म्हणजे दीड ते दोनच्या सुमारास पाणी भरेल. सकाळी आठच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी, संपून पाणी वळलेले असेल, तेव्हा जा आणि दहाच्या आत वर या. संध्याकाळी पाणी उतरतीला असेल, तेव्हा नुसते पाय भिजवा, आत जाऊ नका."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आडाखा किनारपट्टीवरच्या घराघरांत आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच पुढे सरकते, म्हणून हे गणित दोन्ही पक्षांत चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, पाणी फार वर येते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस येतात आणि हा चढउतार कमी होतो. कोळी आणि खारवी बांधवांचे सगळे काम या हिशेबावर चालते. घाटावरून आलेल्या माणसाच्या खिशातही तेच पंचांग असते, पण ते तो चतुर्थीचा उपवास आणि लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी उघडतो.

अर्थात हा आडाखा ढोबळ आहे. त्यातून पाण्याची उंची कळत नाही आणि एका गावाहून दुसऱ्या गावी वेळेत फरक पडतो. उंचीतला फरक तर बराच मोठा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाचा चढउतार साधारण 2 मीटरचा असतो, तर मुंबईत तो 4 मीटरहून अधिक जातो. म्हणून छापील वेळापत्रकाची गरज आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग अशी कोष्टके दरवर्षी आधीच प्रसिद्ध करतो. म्हणजे माहिती तयार आहे, ती फक्त वाळूपर्यंत पोहोचत नाही.

त्याच सहलीत शेजारच्या एका किनाऱ्यावर आम्ही जे पाहिले ते या संदर्भात सांगण्यासारखे आहे. सकाळी ओहोटीच्या वेळी ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी घट्ट असते, त्यामुळे एक कुटुंब आपली मोटार थेट पाण्याच्या कडेपर्यंत घेऊन आले होते. मुले किल्ला करीत होती, आजी गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. अकराच्या पुढे पाणी चढू लागले. गाडी मागे घेताना मागची चाके वाळूत रुतली, जितका जोर द्यावा तितकी खोल जाऊ लागली, आणि पाहता पाहता पहिली लाट चाकांच्या पोलादाला लागली. गावातली पोरे धावली, कुणी फळ्या आणल्या, कुणी दोर आणला, शेवटी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. त्या कुटुंबातले सगळे चांगले, समंजस लोक होते. त्यांना कुणी सकाळी एवढेच सांगितले असते, की दीड-दोन वाजता या जागेवर पुरुषभर पाणी असेल, तर गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडेच थांबली असती. त्या किनाऱ्यावर फलक होता. त्यावर "खोल पाण्यात जाऊ नये" असे लिहिलेले होते. खोल पाणी केव्हा आणि कोठे होते याचा त्यावर उल्लेख नव्हता.

वाळूत गाडी घालण्याने आणखी एक हानी होते. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर पडण्याचे काम मे महिन्यापर्यंतही चालू असते. 2023 च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावरून 'बागेश्री' आणि 'गुहा' या दोन माद्यांना उपग्रह यंत्रे बसवून समुद्रात सोडले होते आणि त्यांतील बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ज्या वाळूवर अशी कासवे येतात, ती मोटारी फिरवण्याची जागा मानणे मला योग्य वाटत नाही.

गाडीचे नुकसान भरून निघते, माणसाचे निघत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतरही दर उन्हाळ्यात एखादी अशी बातमी आपल्याच अंकात वाचावी लागते आणि बुडालेली मुले बहुधा घाटावरचीच असतात. ओहोटीचे पाणी आत ओढते, खाडीच्या मुखाशी ही ओढ फार वाढते. शिवाय लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जाते, आणि घातक गोष्ट अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात म्हणून नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. तेथे सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर, आडवे सरकले तर तो पट्टा संपतो आणि लाटा पुन्हा किनाऱ्याकडे आणून सोडतात. एवढे ज्ञान फलकाच्या चार ओळींत मावते.

आणखी एक अडचण कालगणनेची आहे. शाळांच्या सुट्या संपत आल्या की कोकणात सर्वांत अधिक गर्दी होते, आणि नेमका तेव्हाच समुद्र बदलू लागतो. नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो, लाटा उंचावतात, होड्या वर ओढून झापांनी शाकारण्याची लगबग चालते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो माणूस ज्या दिवसांत होडी पाण्याबाहेर काढतो, त्याच दिवसांत आपण आपली लेकरे पाण्यात सोडतो. कधी आकाश निरभ्र असतानाही दूर हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या वादळांमुळे उठलेल्या लांब लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. हैदराबादची इन्कॉईस ही समुद्राच्या स्थितीची माहिती देणारी केंद्रीय संस्था त्याचा इशारा देते. 2024 च्या मे महिन्याच्या आरंभी मुंबईसाठी असा इशारा दिला गेला होता. असे इशारेही त्याच फलकावर खडूने लिहिता येतील.

त्यासाठी मोठा निधी लागेल असे मला वाटत नाही. एक काळा फळा, वर छोटे छप्पर, खडू आणि रोज सकाळी वेळा लिहिणारा एक माणूस. पहिल्या ओळीत भरतीच्या दोन्ही वेळा, दुसऱ्या ओळीत ओहोटीच्या, तिसऱ्या ओळीत "आज उधाण" किंवा "आज भांग", आणि खाली गावातल्या जाणत्या कोळ्यांनी ठरवून दिलेली पाण्यात उतरण्याची सुरक्षित जागा. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण कोणत्या खडकाजवळ भोवरा आहे आणि कोणत्या जागी पायाखालची वाळू एकदम सरते, हे कोणत्याही सरकारी कोष्टकात सापडत नाही. गोव्यात 2008 पासून जीवरक्षकांची संघटित सेवा आहे आणि लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या जागेतच पोहावे, असा दंडक तेथे रुळला आहे. आपल्याकडेही जीवरक्षकांची संख्या वाढलीच पाहिजे. पण ती वाढेपर्यंत फळ्याला थांबण्याचे कारण नाही.

यावर कुणी म्हणेल की हल्ली मोबाइलवर सर्व काही दिसते. दिसते खरे, परंतु किनाऱ्यावरच्या अनेक गावांत रेंज धड मिळत नाही, आणि पाण्यात उतरण्याच्या ऐन उत्साहात फोन उघडून बंदराचे नाव शोधणारा माणूस मी तरी पाहिला नाही. वाटेत उभा असलेला फळा मात्र आजीपासून नातवापर्यंत सर्वांना दिसतो. अशा फलकांमुळे पर्यटक बिचकतील, अशी शंका आमच्याशी बोलताना एका दुकानदाराने व्यक्त केली. माझा अनुभव उलट आहे. कोणत्या वेळी जावे हे वहिनींनी सांगितल्यामुळेच आम्ही दोघी निर्धास्तपणे पाण्यात उतरलो. ते कळले नसते तर आम्ही पुन्हा चटईवरच बसलो असतो.

आपल्या वृत्तपत्राकडून अपेक्षा अगदी मर्यादित आहे. पावसाळ्यात मुंबईतील साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी वृत्तपत्रे आवर्जून छापतात आणि तिचा लोकांना उपयोग होतो. त्याच धर्तीवर एप्रिल आणि मे महिन्यांत दर शनिवारी अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण या तीन ठिकाणच्या शनिवार-रविवारच्या वेळा एका छोट्या चौकटीत दिल्यास घाटमाथ्यावरच्या आवृत्त्यांतील वाचक गाडीत बसण्यापूर्वीच त्या पाहू शकतील. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या भगिनींनाही माझी विनंती आहे, की आलेल्या पाहुण्यांना जेवणाची वेळ सांगतानाच पाण्याचीही वेळ सांगावी. येत्या मे महिन्यात आम्ही दोघी वेळणेश्वर आणि हेदवी पाहण्यास जाणार आहोत. त्यापूर्वी ही चौकट आपल्या अंकात सुरू झाली, तर तिचे पहिले कात्रण आमच्या पिशवीत असेल.

कळावे.

आपली नम्र,
एक वाचक, कऱ्हाड