सत्तावन सालचे एक वाक्य

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझे पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात हासडलेल्या शिव्या पोहोचल्या. प्रकृती वयाला साजेशी आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण गावात कोणाला सांगून उपयोग नाही. तुझे तात्या आणि माझे अण्णा यांच्यातला अबोला ज्यांनी पाहिला ते आता राहिले नाहीत.

येत्या १२ मार्चला, यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीला, इथल्या एका मंडळाला त्यांच्या कराडमधल्या सुरुवातीच्या दिवसांविषयी फलक लावायचा आहे. मजकूर माझ्याकडे मागितला. देवराष्ट्रे हे आजोळ, वडील बेलिफ, ते गेल्यावर विठाबाईंनी ओढलेला संसार, टिळक हायस्कूल, १९३२ साली झेंडावंदनापायी झालेली अठरा महिन्यांची शिक्षा, कोल्हापूरहून बी. ए., १९४१ साली कायद्याची पदवी, मग कराडातली वकिली, बेचाळीसचा भूमिगत काळ आणि १९४६ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रवेश, असे सगळे मी नीट लिहून दिले. शेवटी एक वाक्य घातले होते: ‘१९५७ च्या निवडणुकीत मुख्यमंत्री असूनही ते कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गाव दुभंगले होते.’ कागद परत आला तेव्हा या वाक्यावर लाल शाईची रेघ होती आणि समासात लिहिले होते, ‘जयंतीला नको.’

तू आता हसत असशील. जन्मभर ‘तुमचे यशवंतराव’ म्हणून मला डिवचणाऱ्या तुला, त्यांच्या विरोधातले वाक्य वाचवण्यासाठी मी भांडतो आहे हे वाचून गुदगुल्या होणारच. पण ते वाक्य विरोधातले नाही, हेच तर मला त्या पोरांना पटवता येत नाही. त्यांना हवी आहे ती फक्त वर्गातली गोष्ट, गुरुजींनी तू कोण होणार असे विचारले आणि याने ‘यशवंतराव चव्हाण होणार’ असे उत्तर दिले ती. गोष्ट चांगलीच आहे. पण तेवढीच ठेवली तर हा माणूस शाळेच्या बाकावरून थेट दिल्लीच्या खुर्चीत जाऊन बसला असे वाटते.

मला स्वतःला त्याहून मोठी वाटते ती कोठडीतली भेट. मुलाने माफी मागितली तर सुटेल, असे सुचवणाऱ्या मास्तरांना विठाबाईंनी माफी कशाची मागायची असे विचारले आणि मुलाला तब्येत सांभाळायला सांगून त्या घरी निघाल्या. अण्णा हे सांगताना नेहमी पाण्याचा तांब्या खाली ठेवत, हे तुला आठवत असेल. हा प्रसंग मंडळाने ठेवला आहे, तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

पण मग त्याच घरातल्या मुलाने १९५५ साली फलटणला, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंना निवडू, असे म्हटले तेव्हा तात्यांच्या पिढीला काय वाटले असेल? मी मास्तरांची बाजू घेतली की ‘झाले याचे फलटण’ असे तू वर्गात ओरडायचास. तो टोमणा तू घरूनच शिकून आला होतास. तात्यांनी अण्णांच्या ओट्यावर येणे सोडले. १९५७ च्या नोव्हेंबरात नेहरू प्रतापगडावर आले तेव्हा काळे झेंडे घेऊन गेलेल्यांत तात्या होते, आणि स्वागताच्या तयारीत अण्णा. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या त्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती. तरी कराडने आपल्या माणसाला रागावून, धारेवर धरून, अखेर काठावर का होईना तारले. पुढे १ मे १९६० चा कलश आला आणि तात्यांनी पेढे वाटले. पण आमच्याकडे ते तुझ्या हाती पाठवले, स्वतः आले नाहीत! त्या पेढ्यांतले दोन तू वाटेत खाल्लेस, हे मी अजून विसरलेलो नाही.

आता सांग, हे गावाचे नाते नाही तर काय आहे? नुसत्या जयजयकाराच्या गावात कोण कशाला ‘विरंगुळा’सारखे घर बांधेल, आणि आपली सगळी ग्रंथसंपदा पत्नी वेणूताईंच्या स्मारकासाठी कशाला ठेवील? मी मंडळाला कळवले आहे की वाक्य राहणार नसेल तर खाली माझे नाव घालू नका. सूनबाई म्हणते, एवढ्या तेवढ्यावरून रुसण्याचे हे वय नव्हे. कदाचित तिचे खरे असेल, पण नाव मागे घेणे हा रुसवा नाही, असे मला वाटते. तुला काय वाटते ते स्पष्ट लिही, गोड लिहू नकोस.

धाकटीचे बाळंतपण सुखरूप झाल्याचे कळले, आनंद झाला. पुण्यातला फ्लॅट विकण्याची घाई करू नकोस. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम. तात्यांच्या ट्रंकेत समितीची सत्तावनची पत्रके होती, त्यांतले एखादे कुरिअरने पाठव. ते मला मंडळाच्या बैठकीत टेबलावर ठेवायचे आहे. बैठक फेब्रुवारीअखेर आहे, तेव्हा नेहमीसारखा आळस करू नकोस.

तुझा,
‘फलटणकर’