थर्मल कॅमेऱ्याचा आकडा

बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

साखर कारखान्यात विजेची पॅनेलं तपासायला तुझ्या हाती थर्मल कॅमेरा दिला, हे ऐकून ऊर भरून आला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माझा जन्म पॅनेलं सांभाळण्यात गेला, म्हणून हक्कानं सांगतो.

तो कॅमेरा तापमान मोजत नाही. वस्तूतून निघणारे अवरक्त किरण, साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे, तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. त्या हिशेबाला एमिसिव्हिटी लागते, म्हणजे तो पृष्ठभाग किरण किती सोडतो ते. काळ्या इन्सुलेशन टेपची ०.९५ च्या आसपास, चकचकीत तांब्याची ०.१ हूनही कमी. रविवारी घासलेल्या स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी ओत, बाहेरून टेपचा तुकडा चिकटव आणि कॅमेरा धरून बघ. टेप भाजण्याइतकी गरम दिसेल, शेजारचं स्टील कितीतरी थंड, आणि त्यात तुझीच धूसर आकृती उमटेल. बसबार, म्हणजे पॅनेलमधली वीज वाहणारी उघडी धातूची पट्टी, तीही अशीच फसवते. तिला टेप लावायची ती शटडाउनमध्येच, वीज बंद असताना, चालू लाइनवर कधीही नाही.

लाल-पिवळ्या रंगावर जाऊ नकोस. ऑटोवर ठेवलं की समोरचं सगळ्यात गरम ते पांढरं दिसणारच, मग ते ३५ अंश का असेना. शेजारच्या फेजशी, म्हणजे त्याच लाइनच्या दुसऱ्या तारेशी, तुलना कर. ०.०५ अंशाचा फरक दिसतो, असं कॅमेऱ्यावर लिहिलेलं असतं. ती झाली संवेदनशीलता. आकडा मात्र दोन अंश इकडेतिकडे असू शकतो.

लांबून मोजू नकोस. १.३ मिलिरेडियनचा कॅमेरा, म्हणजे मीटरभर अंतरावर एका पिक्सेलमध्ये १.३ मिलिमीटर बघणारा, १० मीटरवर एका पिक्सेलमध्ये १३ मिलिमीटर बघतो, आणि भरवशाच्या मापाला तसे किमान तीन पिक्सेल आडवे, तीन उभे लागतात. तारेच्या टोकाची लहान लग त्यात हरवते.

अजून गळीत सुरू व्हायचंय. आता सगळं थंडच दिसेल, त्यावर समाधान मानू नकोस. करंट निम्मा तर सैल जोडातली उष्णता पाव. मोळी पडून मिल पूर्ण लोडवर आली, की पुन्हा सगळं तपास.

काचेतून हा कॅमेरा आतलं बघत नाही, काचच मोजतो. म्हणून पॅनेलचं दार उघडावं लागेल. एकटीनं उघडायचं नाही, हातमोजे आणि फेसशील्डशिवाय तर नाहीच. प्रत्येक फोटोखाली लोड, अंतर, एमिसिव्हिटी लिही आणि साहेबांची हरकत नसेल तर पहिला रिपोर्ट मला दाखव.

तुझे बाबा