व्हिडिओ छोटा हवा, आणि आपल्याच बाईंचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत मोबाइल असावा की नसावा यावर गेले काही दिवस आपल्या पत्रसदरात चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचे वाचक म्हणतात, मोबाइलनं पोरं वाया गेली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, प्रत्येक वर्गात मोठा स्मार्ट टीव्ही लावा, शिक्षकांची रडगाणी आपोआप थांबतील. मी लालबाग-परळ भागातल्या एका रात्रशाळेत दहावीला गणित शिकवते. आमच्याकडे हा वाद उद्भवत नाही, कारण आमच्या विद्यार्थ्याला तासाच्या मध्यातच शेठचा फोन येतो आणि तो त्याला घ्यावाच लागतो. तेव्हा मोबाइल चांगला की वाईट यात न शिरता, चार-पाच मिनिटांच्या व्हिडिओ धड्यांचा आमच्या वर्गात कुठे उपयोग झाला आणि कुठे नाही, तेवढं लिहिते.

रात्रशाळा म्हणजे काय हे नव्या मुंबईकरांना ठाऊक नसेल. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार पाळी करून शाळेत येत. 1982 चा संप झाला, मागोमाग गिरण्या गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. आता त्या टॉवरमध्ये राबणारी मुलं आमच्या बाकांवर बसतात. एकाच वर्गात कुरिअर पोचवणारा सतरा वर्षांचा मुलगा आहे, हॉटेलात भटारखान्यात काम करणारे दोघे भाऊ आहेत, आणि चार घरच्या पोळ्या लाटून येणारी एक बाई आहे, जिचा थोरला मुलगा तिच्या आधी दहावी पास झाला. शाळा भरते साडेसहाला. निम्मा वर्ग साडेसातनंतर घाम पुसत येतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत तर लालबागमध्ये गर्दीतून शाळेपर्यंत पोचणं हीच एक परीक्षा असते. सोमवारी जे हजर असतात ते मंगळवारी नसतात, आणि मंगळवारचं गणित सोमवारच्या गणितावर उभं असतं. फळ्यावर शिकवायचं तरी कोणासाठी?

व्हिडिओचा विचार मी केला तो एवढ्याचसाठी, गैरहजर मुलांसाठी. पुढे वाचनात आलं की या पद्धतीचा उगमही असाच गैरहजेरीत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या गावातल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक 2007 साली आपले तास रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवू लागले, कारण त्यांची मुलं खेळाच्या सामन्यांसाठी बसने लांब जात आणि तास बुडत. आमची मुलं सामन्यांना जात नाहीत, टेम्पो खाली करायला जातात, पण तास दोघांचाही बुडतोच. त्या दोघांच्या लवकरच लक्षात आलं की समजावून सांगण्याचा भाग व्हिडिओत गेला तर वर्गातला वेळ मोकळा राहतो आणि तो एकेका मुलापाशी बसून खर्च करता येतो. मलाही सगळ्यात मोलाची वाटली ती ही मोकळी झालेली मिनिटं.

व्हिडिओ करायला काय लागतं ते सांगते, म्हणजे इतर शिक्षकांची भीती जाईल. स्टीलचे दोन उंच डबे, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीला रबरबँडनं बांधलेला फोन, कॅमेरा खाली. खाली जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी बाजू आणि जाड स्केचपेन. चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतो. पंखा बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर आवाजापेक्षा मोठी येते, म्हणून मे महिन्यात हा उद्योग नको. एका व्हिडिओत एकच गोष्ट: छेद समान करणे, किंवा समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला जाताना चिन्ह का बदलतं. पाच मिनिटांच्या वर गेलं की त्याचे दोन करायचे. फाइल हलकी ठेवायची, कारण मुलांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपलेला असतो. बोललेला प्रत्येक शब्द लिहायचाही, आणि हे मला त्या पोळ्या करणाऱ्या बाईनं शिकवलं. घरी फोन नवऱ्याचा आणि खोली एकच, त्यामुळे ती आवाज बंद करून ओट्यापाशी उभ्यानं बघते. ऐकू येत नसलं तरी कळलं पाहिजे, ही माझी आता कसोटीच झाली आहे.

आता मुख्य मुद्दा. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना गुणाकार वजा 15 आणि बेरीज वजा 2 येईल अशा दोन संख्या शोधायच्या होत्या. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन असलेला माझा एक विद्यार्थी वजा 5 आणि अधिक 3 पर्यंत बरोबर पोचला आणि त्यांची बेरीज त्यानं वजा 8 लिहिली. म्हणजे तो दहाव्या इयत्तेत अडलेला नव्हताच. अडला होता तो कधीतरी सहावी-सातवीत, ऋण संख्यांपाशी, आणि तेव्हापासून वर चढलेलं सगळं त्याच भेगेवर चढलं होतं. त्याला मी वर्गसमीकरणं दहा वेळा समजावली असती तरी दहाही वेळा उत्तर चुकलंच असतं. त्याच्यासाठी वेगळा व्हिडिओ केला. त्याच्याच लिफ्टची बटणं कागदावर काढली: तळमजला म्हणजे शून्य, खाली बी-1, बी-2, बी-3. बी-3 वरून दोन मजले वर गेलास तर कुठे? बी-1. मग वजा 3 अधिक 2 किती? दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, ‘बाई, कळलं, वजा 5 अधिक 3 म्हणजे वजा 2, पण पाच तळघरं कुठल्या बिल्डिंगला असतात?’ आता असं विचारणाऱ्या मुलाला कळलेलं असतं. (वजा वजा अधिक होतं ते मात्र लिफ्टनं समजावता येत नाही. तिथे उधारीची वही उघडावी लागते, आणि भाजीवाल्या मुलाला ती माझ्यापेक्षा चांगली समजते.)

हेच मी भर वर्गात केलं असतं तर? तिशीकडे झुकलेल्या माणसाला सगळ्यांसमोर सातवीचं गणित शिकवणं म्हणजे त्याला उद्यापासून येऊ नको म्हणण्यासारखंच. फोनवर ते त्याचं त्याच्यापाशी राहतं. घरी जाताना लोकलमध्ये दाराशी उभा राहून तो तेच चार वेळा बघतो, मागे नेतो, थांबवतो, शेजारच्याला वाटतं क्रिकेट बघतोय. एकच गोष्ट चौथ्यांदा समजावताना माझ्या आवाजात नाही म्हटलं तरी धार येते. व्हिडिओतल्या बाई चौथ्यांदाही तेवढ्याच शांत असतात.

व्हिडिओ पाठवला की काम झालं असं मात्र होत नाही. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक गणित असतं. ते चिठ्ठीवर सोडवून शाळेत आल्या आल्या माझ्या टेबलावर ठेवायचं. राष्ट्रगीत, हजेरी होईपर्यंत मी चिठ्ठ्यांचे ढीग करते. बरोबर आलेले पुढच्या सरावाला लागतात. एकाच जागी चुकलेले एका बाकावर येतात आणि मी त्यांच्यात जाऊन बसते. आणि न बघता आलेले मागच्या बाकावर तिथेच बघतात, एका फोनवर तिघे. बाहेरून बघणाऱ्याला हा वर्ग बेशिस्तच वाटेल. एकदा पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, ‘आज तास नाही का?’

आता स्मार्ट टीव्हीबद्दल. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच वेगानं, एकच व्हिडिओ दाखवायचा असेल तर तो फळाच झाला, फक्त विजेवर चालणारा. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून धडे दाखवले गेले. त्या काळात तो मोठा आधार होता, पण टीव्हीवरच्या बाईंना ‘थांबा, परत सांगा’ म्हणता येत नव्हतं. मोबाइलवर येतं. ती सोय हातात असताना मोठ्या पडद्याकडे परत का जायचं ते मला कळत नाही.

तयार व्हिडिओंना माझा विरोध नाही. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, केंद्राचं धड्यांचं दीक्षा अॅप 2017 पासून आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट दाखवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. पण दहावीच्या पुस्तकातला कोड दहावीच्याच धड्याकडे नेतो आणि माझा विद्यार्थी अडलेला असतो सातवीत. सातवीचा व्हिडिओ उघडावा तर तो साहजिकच बारा वर्षांच्या मुलांसाठी केलेला, त्यात ‘बालमित्रांनो’ म्हणणारं कार्टून असतं. दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाला बालमित्र म्हटलं की तो फोन खिशात ठेवतो.

आणखी एक तक्रार करूनच टाकते. मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं गेलं ते एवढंच, की तुमच्या शाळेनं किती व्हिडिओ अपलोड केले. ते कोणी बघितले, बघून कोणाचं काय सुटलं, याचा रकानाच तक्त्यात नव्हता. मग शाळा काय करतात? पाऊण तासाचा तास कोपऱ्यात फोन ठेवून रेकॉर्ड करतात, त्याचे तुकडे करतात आणि आकडा फुगवतात. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमांतल्या 69 लाख व्हिडिओ-बैठकांचा (एकानं एक व्हिडिओ एकदा बघितला की एक बैठक) अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं होतं की सहा मिनिटांपलीकडे बघणारे टिकत नाहीत, आणि वर्गातल्या लांब व्याख्यानाचे कापलेले तुकडे लोक कमी बघतात. मुद्दाम छोटे केलेले, हातानं लिहीत लिहीत समजावणारे व्हिडिओ जास्त बघितले जातात. माझ्या स्टीलच्या डब्यांना एवढी मोठी साक्ष मिळाल्यावर मला बरं वाटलं.

मूल जिथे आहे तिथून शिकवायचं, हे मुंबईला परकंही नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी ठेवल्या होत्या. वस्तीतलीच तरुण मुलगी तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवी. पुढे नोबेल मिळवलेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत त्याचा अभ्यास केला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले. वडोदऱ्यात मुलाच्या पातळीप्रमाणे सोपी-अवघड होणारी गणितं संगणकावर दिली, तिथे गणिताचे गुण आणखी वाढले. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. उपक्रमाचं उद्घाटन करून फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य जरूर वाचावं.

भूमितीत माझे व्हिडिओ फारसे चालले नाहीत. प्रमेयाची सिद्धता मुलं बघतात, मान डोलावतात आणि कागदावर पहिली ओळ येत नाही. तिथे शेजारी बसून, खोडून, परत लिहूनच होतं. काही जण दुप्पट वेगानं व्हिडिओ पळवून ‘बघितला’ म्हणतात, त्यांचं बिंग चिठ्ठीवर फुटतं. ज्यांना मराठी वाचायलाच जड जातं त्यांच्यासाठी मी लिहिलेल्याचा उपयोग नाही. अशी मुलं दहावीतही असतात, आणि त्यांच्यापाशी माणूसच लागतो.

मागणं फार नाही. रात्रशाळेचा तास तोकडा असतो. चिठ्ठ्या लावून बाकाबाकावर बसेपर्यंत घंटा होते. गणिताला आठवड्यातून दोनदा तरी जोडतासिका, म्हणजे लागोपाठ दोन तास, मिळावी. वर्गात फोन चार्ज करायला चार-सहा प्लग असावेत आणि शाळेत वायफाय असावं, म्हणजे डेटा संपलेल्यांची सोय होईल. व्हिडिओ करायचा वेळ शिक्षकाच्या कामात धरावा. मी तो सध्या रात्री घरी पोचल्यावर, शेजारचा टीव्ही बंद झाला की काढते. आणि अपलोडचे आकडे मागणं थांबवून कोणीतरी येऊन आमच्या चिठ्ठ्या बघाव्यात.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलंच तर कोलोरॅडोचा परिच्छेद खुशाल कापा, जोडतासिकेचा तेवढा ठेवा. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेआधी छापलंत तर यंदाच्याच मुलांच्या कामी येईल.

– रात्रशाळेतील एक गणित शिक्षिका, मुंबई