विषय: हिमोग्लोबिन ८.७ असताना तुमच्या एआयने दिलेला ‘डायबेटिस हाय रिस्क’ रिपोर्ट, रिफंड आणि लेखी उत्तर हवंय

नमस्कार,

ऑर्डर नंबर, लॅबचा रिपोर्ट आणि तुमचा रिस्क रिपोर्ट जोडलाय. चॅटवर तुमच्या बॉटशी बोलून झालं, तो "तुमची काळजी आम्हाला समजते" म्हणतो आणि परत पॅकेजचीच लिंक देतो, म्हणून मेल करतेय. कुठल्यातरी माणसाने वाचावा एवढीच अपेक्षा.

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत तुमच्या लोकांनी रविवारी कॅम्प लावला होता, क्लबहाऊससमोर टेबल, मागे मोठा बॅनर की एआय सांगेल पुढे कोणता आजार होऊ शकतो. २,४९९ रुपयांत ब्लड टेस्ट आणि वर्षभराचं ॲप. माझं वय ३९, आईला शुगर आहे, बरेच महिने थकवा आणि लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत धाप लागायची, म्हटलं बघू तरी. रिपोर्ट आला तो लालभडक, डायबेटिसचा धोका ६८ टक्के. आणि मी तो नीट वाचायच्या आत तुमच्याकडून फोन, मॅम तुमचा रिस्क खूप हाय आहे, आज पेमेंट केलंत तर सहा महिन्यांचा रिव्हर्सल प्रोग्राम १४,९९९ ला देतो. नशीब मी भरले नाहीत. पण घरात जो गोंधळ व्हायचा तो झालाच, सासूबाईंनी त्याच संध्याकाळपासून माझ्या चहातली साखर आणि ताटातला भात दोन्ही बंद केलं.

आता मुद्दा. माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ५.९ आलं होतं, म्हणजे ५.७ ते ६.४ च्या प्रीडायबेटिसवाल्या पट्ट्यात, हे मान्य. पण त्याच पीडीएफमध्ये, पहिल्याच पानावर, लॅबने ठळक अक्षरात हिमोग्लोबिन ८.७ छापलंय. बाईला किमान १२ पाहिजे. तुमच्या ॲपमध्ये त्याच्यासमोर काहीच नाही, ना लाल ना पिवळं, कारण तुमच्या यादीत जे पाच आजार आहेत त्यात ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं, नाहीच! आमच्या इथल्या डॉक्टरांनी मात्र कागद हातात घेतल्या घेतल्या तेच पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, पाळीत रक्त जास्त जातं का. तुमच्या फॉर्ममध्ये झोप, स्ट्रेस, बाहेरचं खाणं, रोज किती पावलं चालता सगळं विचारलंय, बाईला पाळीबद्दल एक प्रश्न नाही. थकवा येतो का याला मी हो म्हटलं ते बहुतेक डायबेटिसच्याच खात्यात गेलं.

डॉक्टर म्हणाले की लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं, नवीन लाल पेशी कमी बनतात, जुन्या जास्त दिवस रक्तात राहतात आणि त्यांच्यावर साखर जास्त साचलेली दिसते. त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, करायला लावलं, ते आलं ६, म्हणजे खूपच कमी. उपाशीपोटी शुगर ९१, जेवणानंतर दोन तासांनी ११८, दोन्ही नॉर्मल. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि हिमोग्लोबिन वर आल्यावर एचबीए१सी परत करायचंय. उद्या मला डायबेटिस होणारच नाही असं मी म्हणत नाहीये, पण आज जो आजार समोर कागदावर होता तो तुम्हाला दिसला नाही आणि ज्याचं पॅकेज तुमच्याकडे आहे तो बरोबर दिसला, याला मी काय म्हणू? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, म्हणजे माझी काही दुर्मिळ केस नाही, त्या रविवारी तुमच्या टेबलासमोर रांगेत उभ्या असलेल्या आमच्या बिल्डिंगमधल्या किती जणी यातच असतील.

वर तुमचा डाएट चार्ट. ॲव्होकॅडो वगैरे सोडा, ते घणसोलीच्या भाजीवाल्याकडे मिळतं का हा वेगळा विषय, पण दुपारी आणि रात्री जेवल्यावर लगेच ग्रीन टी लिहिलाय. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं, हे डॉक्टरांनी गोळ्या लिहून देतानाच सांगितलं आणि जेवणात लिंबू पिळा म्हणाले. म्हणजे मी तुमचं इमानदारीत ऐकलं असतं तर अजून खाली गेले असते.

आणि ते ६८ टक्के नक्की कशाचे? पाच वर्षांत, दहा वर्षांत की मरेपर्यंत? माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर ६८ जणींना होणार असं म्हणायचंय का, आणि त्या शंभर जणी कुठल्या? बॉट म्हणतो मॉडेल लाखो रेकॉर्ड्सवर ट्रेन केलंय. कोणाचे ते सांगत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये केलेला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर आहे, वय, कंबर, व्यायाम आणि आईवडिलांची शुगर, बास. शिवणाची टेप घेऊन घरी केला, ५० आला, त्यात हाय ६० पासून. फुकट आहे, आणि कोणता मार्क कशाचा ते डोळ्यांना दिसतं.

रिपोर्टच्या वर ‘क्लिनिकली व्हॅलिडेटेड’ आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा. १ एप्रिल २०२० पासून मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत सॉफ्टवेअरपण येतं, तर तुमच्याकडे सीडीएससीओचं, म्हणजे औषधं आणि मेडिकल डिव्हाइसवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, लायसन्स असेल तर नंबर द्या, नसेल तर का लागत नाही ते लिहून द्या. रिपोर्ट कोणत्या डॉक्टरने तपासला त्यांचा रजिस्ट्रेशन नंबरपण हवाय, मला तर कुठेच सही दिसली नाही.

मला पूर्ण २,४९९ परत पाहिजेत. माझ्या प्रोफाइलवरचा हाय रिस्कचा शिक्का काढा, आणि माझा डेटा अजून कोणाला दिलाय ते आधी सांगून मग सगळा डिलीट करा, मी संमती मागे घेतेय, २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात ती सोय आहे. हे विचारायचं कारण, त्या कॅम्पनंतर मला हेल्थ इन्शुरन्सवाल्यांचे फोन यायला लागलेत, योगायोग असेल तर तसं लिहा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवणार आणि तिथे नाही झालं तर ग्राहक आयोगात जाणार.

आणि त्या कॅम्पमध्ये ज्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी आलंय त्यांना निदान एक मेसेज टाका, तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेतच.

रिफंड त्याच यूपीआयवर करा. फोन करू नका, जे असेल ते मेलवर लिहून पाठवा.

– एक ग्राहक, घणसोली, नवी मुंबई